अभ्यासात पार अडकलात तेव्हा कुठल्या गाण्यातल्या ओळीने हात दिला?

सबमिशन_बाकी
नमस्कार मंडळी, आतापर्यंत वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. मी इंजिनीअरिंगच्या टीईला (तिसऱ्या वर्षाला) आहे, मेकॅनिकल, आणि एसईचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, एम-थ्री हा गणिताचा पेपर अजून मानेवर बसलाय. यावेळी नाही निघाला तर वायडी लागायची, म्हणजे अख्खं वर्ष वाया जायची भीती, घरी अजून नीट सांगितलेलं नाही, आणि इकडे हॉस्टेलवर सगळ्यांचं प्लेसमेंट प्लेसमेंट सुरू झालंय.

तर झालं असं की त्यातलाच लॅप्लासचा धडा उघडून बसले होते, बसले होते म्हणजे नुसतीच बसले होते, आणि मेसच्या मावशींच्या मोबाइलवर 'आकाशी झेप घे रे पाखरा' लागलं. हे गाणं मी लहानपणापासून ऐकतेय, पप्पांच्या टेम्पोत पेनड्राइव्हवर बाबूजींची (सुधीर फडक्यांची) गाणी भरलेली असतात त्यातलं, आणि शाळेत निरोप समारंभाला तर कोणीतरी म्हणणारच. मला ते कायम उपदेशाचं गाणं वाटायचं, उठा, कष्ट करा, वगैरे. पण त्यात मधेच 'तुज कळते परि ना वळते' असं आहे ना, तिथे मी अडकलेच. म्हणजे हा माणूस मला आळशी म्हणत नाहीये, त्याला माहितीये की हिला सगळं कळतंय, हिने टाइमटेबलपण केलंय, रंगीत पेनांनी केलंय, फक्त हातून होत नाहीये. आजवर मला कोणी हे इतकं बरोब्बर सांगितलं नव्हतं, सगळे एकतर 'तू हुशार आहेस गं' म्हणतात नाहीतर 'मोबाइल बाजूला ठेव' म्हणतात. त्या रात्री थोडीफार गणितं सुटली, चमत्कार वगैरे काही झाला नाही, पण पुस्तक मिटून झोपले तरी नाही.

रूममेटचं म्हणणं आहे की हे सगळं मनाचं समाधान आहे आणि गाणी ऐकून कोणी पास झालेलं तिने बघितलेलं नाही. म्हणून विचारतेय. नुसती यादी नको प्लीज, 'टॉप मोटिव्हेशनल साँग्ज' यूट्यूबवर ढिगाने आहेत. ओळ सांगा, आणि ती तुम्हाला कधी लागली ते सांगा.

टवाळ_टोळ
टिक टिक वाजते डोक्यात. बाहेरून आलेला परीक्षक आत बोलवायच्या आधी. दर ओरलला.

रेडिओकाका
ताई, धागा आवडला. 'आकाशी झेप घे' हे 'आराम हराम आहे' या १९७६ च्या पिक्चरमधलं, लिहिणारे जगदीश खेबुडकर, आणि खेबुडकर पेशाने शिक्षक होते हे पुष्कळांना माहीत नसतं. तुम्हाला जी ओळ लागली ती वर्गात रोज पोरांची तोंडं बघणाऱ्या माणसालाच सुचणार. 'कळतंय पण वळत नाही' हे मास्तर लोक चिडून म्हणतात, यांनी तेच पाठीवर हात ठेवून म्हटलंय एवढाच फरक.

आमचं सांगायचं तर आम्ही जुन्या अकरावीच्या शेवटच्या शेवटच्या बॅचेसपैकी. इंग्रजीने घात केला. घरी रेडिओ नव्हता, स्टँडसमोरच्या हाटेलात होता, तिथे एक कटिंग घेऊन जितकं ऐकता येईल तितकं ऐकायचं, मालक पण काही बोलायचा नाही. 'इम्तिहान' १९७४ चा, किशोरकुमारचं 'रुक जाना नहीं' तेव्हा सगळीकडे वाजत होतं. मजरूह यांचं गाणं, पडद्यावर विनोद खन्ना एकटा चालत असतो आणि पिक्चरमध्ये तो प्रोफेसर आहे. मला हिंदी तेव्हा धड येत नव्हतं, पण 'कहीं हार के' एवढं कळलं आणि पुरलं. तो हरणार नाहीस असं म्हणतच नाही बघा, हरशील, पण तिथे बसू नकोस म्हणतो. ऑक्टोबरला परत बसलो आणि निघालो.

आणि या गाण्याचं पुढे काय झालं ते ऐका, मध्य प्रदेशात दहावी-बारावीला नापास झालेल्या मुलांना परत परीक्षा देता यावी म्हणून तिथल्या राज्य मुक्त शाळा मंडळाने २०१६ पासून योजना आणली, तिचं नावच 'रुक जाना नहीं' आहे. गाण्यावरून सरकारी योजनेला नाव मिळालेलं मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही.

सबमिशन_बाकी
काका, हे योजनेचं खरंच माहीत नव्हतं!! आमच्याकडे एम-थ्रीसाठी अशी योजना काढायला हवी, नाव मी सुचवते.

नवी_पेठ_रिटर्न
मी थोडा उलटा सूर लावतो, राग मानू नका.

मी स्पर्धा परीक्षेवाला. पुण्यात अभ्यासिका, मेस, चहा, परत अभ्यासिका या चक्रात ऐन तारुण्य घातलं, पूर्व निघायची, मुख्यला कट-ऑफच्या खाली, पोस्ट काही निघाली नाही. आता गावाकडे स्वतःचं दुकान आहे, बरं चाललंय. त्या दिवसांत ही जोशाची गाणी मी इतकी ऐकलीयेत की विचारू नका. सकाळी उठल्या उठल्या 'लक्ष्य को हर हाल में पाना है', 'चक दे', नंतर 'अपना टाइम आयेगा', रात्री टेरेसवर बसून तेच. आणि काय व्हायचं माहितीये का, गाणं चालू असेपर्यंत आपण कलेक्टर असतो. अंगावर काटा, डोळ्यात पाणी, समोर लाल दिव्याची गाडी (ती पण बंद झाली मधल्या काळात). गाणं संपलं की समोर तोच अर्थशास्त्राचा ठोकळा आणि तेच पान. मग काटा परत यावा म्हणून परत गाणं. अभ्यास केल्याचं समाधान अभ्यास न करता मिळतं, हा यातला खरा घोटाळा आहे आणि हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही. क्लासवाल्यांनी तर सेमिनारच्या सुरुवातीला हीच गाणी मोठ्या आवाजात लावायची आणि शेवटी फीचा फॉर्म वाटायचा.

तेव्हा तुमची रूममेट पूर्ण चूक नाहीये.

ग्राउंड_पहाटे_पाच
दादा तुमचं खरं असन पण ते बसून अभ्यास करणाऱ्यांचं झालं. आमच्याकडं या ग्राउंडवर. आम्ही पोलीस भरतीच्या पोरी पहाटं पाचला पळायला येतो, थंडीत हात बधिर होतेत, मुलींना ८०० मीटर आहे पण सर मुलांसोबत सोळाशे पळवतेत. एकीच्या कमरेला छोटा स्पीकर बांधलेला असतो. शेवटच्या राउंडला छातीत जाळ होतो तवा 'माउली माउली' चालू करतो, लय भारीमधलं, ते कसं सुरुवातीला दमानं असतं आणि नंतर टाळ चढत जातेत, तसं तसं पाय आपोआप उचलतेत. तिथं कोण कलेक्टर होत नाही दादा, तिथं फक्त पुढचा खांब गाठायचा असतो.

नवी_पेठ_रिटर्न
@ग्राउंड_पहाटे_पाच ताई, मान्य. तुम्ही गाणं ऐकता तेव्हा पाय चालू असतात, आमचे बंद असायचे. मला तेच म्हणायचं होतं, तुम्ही बरं सांगितलंत.

मास्तर_झेडपी
छान धागा. आमच्या शाळेत परिपाठाला जी गाणी होतात त्यांच्याबद्दल लिहितो, कारण आपल्या सगळ्यांच्या कानावर पडलेली पहिली धीराची गाणी तीच, फक्त आपण ती रांगेत उभं राहून, पुढच्याच्या मानेला टिचक्या मारत म्हणतो त्यामुळे ऐकत नाही.

'इतनी शक्ति हमें देना दाता' घ्या. हे 'अंकुश' नावाच्या १९८६ च्या पिक्चरमधलं. पिक्चर कशावर आहे, तर मुंबईतल्या शिकलेल्या पण नोकरी नसलेल्या, नाक्यावर बसणाऱ्या चार पोरांवर. नाना पाटेकर आहे त्यात. म्हणजे 'मन का विश्वास कमजोर हो ना' हे त्या पिक्चरमध्ये बेकारीत पिचलेल्या पोरांच्या भोवती वाजतं आणि आपण ते पहिलीच्या लेकरांकडून म्हणून घेतो ज्यांचा विश्वास चांगला धडधाकट असतो. गरज आहे ती बी.ए. झाल्यावर, आणि तेव्हा परिपाठ नसतो! गायिकांपैकी एक पुष्पा पागधरे, आपल्या 'आला पाऊस मातीच्या वासात गं' वाल्या.

हल्ली 'तू बुद्धि दे तू तेज दे' बऱ्याच शाळांत सुरू झालंय, प्रकाश आमटेंवरच्या पिक्चरमधलं, गुरू ठाकूर यांचं. आणि 'हीच अमुची प्रार्थना' पण, ते समीर सामंत यांचं, 'उबुंटू'मधलं, २०१७ चं. मुलांना चाल आवडते. पण माझ्या वर्गातल्या एका ऊसतोड कामगाराच्या पोरीने, जी दर वर्षी दिवाळीनंतर आईबापाबरोबर जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायची, मला विचारलं होतं की सर प्रार्थनेत 'हमको मन की शक्ति देना' आहे तर मन विजय कसं करायचं, मन तर आपलंच आहे ना. मला उत्तर द्यायला जमलं नाही. पोरगी पुढे नर्सिंगला गेली.

रेडिओकाका
मास्तर, 'हमको मन की शक्ति' निघालंच आहे तर सांगतो, १९७१ चा 'गुड्डी', गुलजार यांचे शब्द, संगीत आपले वसंत देसाई, कुडाळकडचे सोनवड्याचे. वाणी जयराम यांना हिंदीत आणलं ते देसाईंनीच, आणि 'ऋणानुबंधाच्या' मधे कुमार गंधर्वांबरोबर त्याच बाई आहेत. एका कोकणी माणसाने बांधलेली चाल सगळ्या देशातल्या शाळा सकाळी सकाळी म्हणतात. बाकी त्या पोरीचा प्रश्न भारी आहे, त्यात अख्खा दासबोध आला.

अवांतर_आजी
रेडिओकाका, तुम्ही कुठल्या गावचे? स्टँडसमोरचं हाटेल म्हणजे आमच्याकडचं तर नव्हे? तिथली मिसळ काय असायची!

रेडिओकाका
@अवांतर_आजी व्यक्तिगत निरोपात सांगतो, नाहीतर इथे मिसळीवर धागा जाईल.

पायी_वारी_फार्मसी
नवी पेठवाल्या दादांच्या प्रतिसादावरून लिहावंसं वाटलं. मी बी.फार्म करतोय, घरी माळ आहे, आजोबांबरोबर लहानपणापासून भजनाला बसतो त्यामुळे माझी 'प्लेलिस्ट' म्हणजे गाथा 😅

सगळ्या शाळांच्या भिंतीवर, अभ्यासिकेत, वहीच्या मागे एक ओळ असते बघा, 'असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास तुका म्हणे'. ती इतकी बघितलेली असते की दिसतच नाही. मलाही दिसत नव्हती. पण एकदा आजोबांनी तो अभंग पहिल्यापासून म्हटला तेव्हा मी उडालोच. सुरुवात आहे 'साधूनी बचनाग खाती तोळा तोळा । आणिकांते डोळां न पाहवे'. बचनाग म्हणजे विष हो, जहाल विष, आम्हाला फार्माकॉग्नोसीत अ‍ॅकोनाइट म्हणून आहे, हृदय बंद पाडतं. तुकोबा म्हणतात की सवय करून करून माणसं ते तोळा तोळा पचवतात जे दुसऱ्याला बघवतही नाही. पुढे साप हातात धरणाऱ्यांचं आहे, बाकीचे नुसतं बघून कापतात. आणि मग शेवटी ती भिंतीवरची ओळ येते.

म्हणजे भिंतीवर आपण शेवट रंगवला आणि विष खोडून टाकलं. त्यामुळे ती ओळ गुळगुळीत झाली, 'प्रयत्न करा यश मिळेल' टाइप. मूळ अभंगात ते यश बिश काही नाहीये, त्यात असं आहे की जे तुला आज बघवत पण नाही ते थोडं थोडं घे. मला बायोकेम बघवत नव्हतं. खरंच पुस्तक उघडलं की मळमळायचं. मग मी ठरवलं की रोज त्यातली एक सायकल (शरीरातलं रासायनिक चक्र), एकच, तोळा तोळा. (कृपया कोणी खरा बचनाग खायला जाऊ नका, फार्मासिस्ट म्हणून सांगणं माझं कर्तव्य आहे.)

दुसरा अभंग 'ओले मूळ भेदी खडकाचे अंग', तो पण अभ्यासाचाच, त्यात दोराने दगड कापला जातो असं आहे, विहिरीच्या काठावरचे ते खाचे बघितले असतील सगळ्यांनी. गावाकडे गेलो की मी मुद्दाम हात लावून बघतो.

नवी_पेठ_रिटर्न
भाई, हे आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर पण होतं, पंख्याखाली. इतकी वर्षं त्याच्याखाली बसलो आणि वरचा बचनाग कोणीच सांगितला नाही. कडक प्रतिसाद.

सबमिशन_बाकी
तोळा तोळा!!! हे आता माझ्या टेबलावर लिहिलं जाणार. रूममेटला दाखवला तुमचा प्रतिसाद, ती म्हणाली हा मुलगा बरोबर बोलतोय. (ती कोणाला इतक्या पटकन बरोबर म्हणत नाही.)

आखेनवाली
मी जर्मनीत आखेनला मास्टर्स करतेय. इथे डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो, पहिल्या सेमला थिसिस ग्रुप नाही, वर्किंग स्टुडंटची नोकरी नाही, ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं) महिन्याचे ठरलेले पैसे येतात त्यात भाडं वजा करून उरतं काय. आणि जर्मनीत पेपरला नापास झालं तर ठरावीक वेळाच परत देता येतो, शेवटच्या वेळी पण गेला तर तो कोर्सच बंद, त्यामुळे इथली भीती वेगळी असते.

मला जोशाच्या गाण्यांनी उलट आणखी एकटं वाटायचं. सगळे धावतायत, जिंकतायत, आणि मी रजई घेऊन बसलेय असं. आईने एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर 'दिस जातील दिस येतील' पाठवलं. १९८२ च्या 'शापित'मधलं, सुधीर मोघेंचं, आशाबाई आणि सुरेश वाडकर. त्या गाण्यात 'भोग सरंल, सुख येईल' असं आहे. त्यात मी काहीच करायचं नाहीये! दिवस आपले आपण जाणार आहेत. मला तेव्हा कोणीतरी 'ऊठ, लढ' म्हणायला नको होतं, 'जाईल गं हे पण' एवढंच हवं होतं. दोन पोळ्या गरम करून ते लावायचं आणि जेवायचं. जेवण व्हायचं, ही पण तेव्हा मोठी गोष्ट होती.

मग कळलं की 'फिरुनी नवी जन्मेन मी' पण सुधीर मोघ्यांचंच, बाबूजींचं संगीत. एकाच माणसाने झोपवणारं पण लिहिलं आणि उठवणारं पण.

शब्दवेल्हाळ
सुंदर चर्चा. माझ्या कॉलेजच्या दिवसांत विंदांच्या 'असे जगावे छाताडावर आव्हानाचे लावून अत्तर' या कवितेने मला फार बळ दिलं. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली होती. शिवाय बच्चनजींची 'कोशिश करने वालों की हार नहीं होती'.

पुरावा_दाखवा
एका प्रतिसादात दोन्ही चुकीची, विक्रम आहे.

'असे जगावे' विंदांची नाही. गुरू ठाकूर यांची आहे, तेच 'नटरंग'मधलं 'खेळ मांडला' लिहिणारे. व्हॉट्सअ‍ॅपवर विंदांच्या नावाने वर्षानुवर्षं फिरतेय. आणि 'कोशिश करने वालों की' सोहनलाल द्विवेदींची, हरिवंशराय बच्चन यांची नव्हे, हे खुद्द अमिताभ यांनी जाहीर सांगितलंय.

चांगली ओळ दिसली की ती जवळच्या सगळ्यात मोठ्या नावाला चिकटवायची ही आपली खोड आहे. ज्याने धीर दिला त्याचं नाव तरी नीट घ्या.

शब्दवेल्हाळ
माहितीबद्दल धन्यवाद. पण तेव्हा बळ मिळालं ते मिळालं ना, कवी कोण का असेना.

पुरावा_दाखवा
बळ मिळालं, ठीक. पण जिवंत कवीला त्याचीच कविता दुसऱ्याच्या नावाने रोज फॉरवर्ड होऊन येते तेव्हा त्याचं बळ जात असेल याचा विचार करा.

टवाळ_टोळ
🍿

निळी_शाई
इथपर्यंतच्या प्रतिसादांत एक मोठा ठेवा राहिलाय म्हणून लिहितो. आमच्याकडे शिकायचं बळ देणारी गाणी म्हणजे भीमगीतं. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला भोंग्यावर वाजायची तेव्हा लहानपणी नाचायचो, शब्द नंतर कळले.

मी औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) नागसेनवनात शिकलो, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये सुरू केलेलं मिलिंद कॉलेज तिथलंच. हॉस्टेलवर रात्री लाइट गेली की कोणीतरी ताट उलटं करून ठेका धरायचा आणि वामनदादांचं 'उद्धरली कोटी कुळे' सुरू व्हायचं. आता गंमत बघा, वामनदादा कर्डक, १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव, शाळेत गेलेले नव्हते. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. ज्या माणसाला स्वतःला वाचायला यायला इतका उशीर झाला त्याने पुढे गावोगाव फिरून हजारो पोरांना शाळेत घातलं, गाण्यातून. अण्णाभाऊंचं पण तेच, शाळा दीड दिवसाची, आणि लिहिलं काय तर 'जग बदल घालुनी घाव, सांगून गेले मज भीमराव'.

माझी ओळ तीच. स्कॉलरशिप अडकलेली, परीक्षा फॉर्मची तारीख जवळ आलेली, ऑफिसात खेटे चालू, आणि खिडकीतला माणूस वर पण बघत नाही अशा दिवसांत ती डोक्यात वाजायची. वर कोणीतरी म्हणालंय की जोशाच्या गाण्यांनी माणूस फुकटचा हवेत जातो. या गाण्यांत तसं होत नाही कारण त्यात तू एकटा जिंकणार असं नसतंच, तुझ्या आधी कोणीतरी हे केलंय, तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत केलंय, आणि तुझ्यानंतर कोणीतरी यायचंय असं असतं. त्यामुळे फॉर्म भरायचा राहून गेला तर तो माझा एकट्याचा राहत नाही, असं वाटून मी परत खिडकीवर जायचो.

मास्तर_झेडपी
@निळी_शाई सर, फार मोलाचं लिहिलंत. याच ओळीत सावित्रीबाई पण येतात, १८५४ च्या 'काव्यफुले'त त्यांनी शिकण्यासाठी उठा म्हणून कविता लिहिल्यात, तेव्हा ज्यांच्यासाठी लिहिल्या त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. त्या म्हणूनच दाखवाव्या लागल्या असणार.

बीएड_वाली
मूळ प्रश्नाकडे येते, रूममेटच्या. शब्द असलेलं गाणं लावून वाचायला बसलं तर वाचलेलं कमी राहतं, यावर बरेच प्रयोग झालेत, कारण डोकं दोन्हीकडचे शब्द एकाच वेळी घ्यायला बघतं. गणित सोडवताना, जर्नल उतरवताना तितका त्रास होत नाही. त्यामुळे सबमिशन_बाकी, गाणं बसायच्या आधी ऐक, जिन्यावर, चालताना, मग इयरफोन टेबलापासून लांब. थिअरी पाठ करताना अजिबात नको, त्यात ओळखीचं मराठी गाणं तर सगळ्यात वाईट, आपण सोबत गुणगुणतो आणि पान उलटलेलं पण कळत नाही.

आणि एक गंभीर. काही दिवस असे असतात की कुठलंच गाणं लागत नाही, जेवण जात नाही, झोप नाही, सगळं संपवावंसं वाटतं. तिथे गाण्यावर विसंबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्गात फळ्यावर लिहून देते, कोणी उतरवून घेताना दिसू नये म्हणून सगळ्यांनाच उतरवायला लावते.

सबमिशन_बाकी
बीएड ताई, सगळ्यांना उतरवायला लावता ते फार आवडलं. माझं तितकं काही नाहीये, पण नंबर सेव्ह केलाय. आणि काल घरी फोन करून राहिलेल्या पेपरचं सांगितलं. पप्पा म्हणाले एवढंच ना, मला वाटलं टेम्पोच्या हप्त्याचं काही आहे.

नवी_पेठ_रिटर्न
हे बेस्ट झालं.

मी इतकं बोललो तर माझी पण एक ओळ द्यायला हवी. आमच्याकडे निकालाच्या दिवशी, पीडीएफमध्ये नंबर शोधून झाला की अर्ध्या पोरांचं स्टेटस एकच असायचं, 'उषःकाल होता होता काळरात्र झाली'. सुरेश भटांचं, 'सिंहासन' पिक्चरमधलं. सगळे एवढंच टाकायचे आणि मोबाइल बंद करून झोपायचे. मीपण टाकायचो. गाण्यात त्याच्या पुढच्याच ओळीत 'अरे पुन्हा आयुष्याच्या पेटवा मशाली' आहे हे स्टेटसमध्ये बसत नसल्यामुळे असेल, पण कोणी टाकायचं नाही. दुकान टाकायचं ठरलं तेव्हा, म्हणजे पुणं सोडलं त्या सुमारास, मला ती दुसरी ओळ ऐकू आली. पुन्हा म्हणजे परत आयोगाचाच फॉर्म भर असं त्यात कुठे म्हटलंय.

पुरावा_दाखवा
@नवी_पेठ_रिटर्न यावेळी दुरुस्ती नाही, फक्त भर. भटांना लहानपणीच पोलिओ झालेला, आणि बी.ए. व्हायला १९५५ उजाडलं, शेवटच्या वर्षाला नापास होऊन मग झाले. तेव्हा पीडीएफ नव्हती एवढंच.

नवी_पेठ_रिटर्न
हे दुकानात फ्रेम करून लावतो.

ग्राउंड_पहाटे_पाच
सगळ्यांचं वाचलं, लई भारी. आता माझं एक काम करा. 'माउली माउली' ऐकून ऐकून पोरी कंटाळल्यात, स्पीकरवालीनं आता दुसरं आणा म्हणलंय. भरतीची मैदानी चाचणी जवळ आलीय, धावण्यासाठी मराठी गाणं सांगा, ठेका पळायचा पाहिजे आणि शब्दाला पण जोर पाहिजे. झिंगाट नको, त्यावर पोरी पळायच्या सोडून नाचायला लागतेत.

रेडिओकाका
'वेडात मराठे वीर दौडले सात' घ्या की! कुसुमाग्रजांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज, घोड्यांच्या टापांचा ठेका आहे त्यात. दौडायला याच्यापेक्षा चांगलं गाणं मराठीत नाही.

ग्राउंड_पहाटे_पाच
काका, त्यात सातातला एक पण परत येत नाही. आम्हाला पळून आल्यावर गोळाफेक असते.